हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाला टर्बो बसवताना

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तुम्हा चौघांकडे फोक्सवॅगन बीटलचे १,५८४ सीसीचे, हवेने थंड होणारे इंजिन आहे, एका लहान डिझेल गाडीचा भंगारातून मिळालेला टर्बो (एक्झॉस्टच्या धुराने फिरणाऱ्या टर्बाइनच्या जोरावर कॉम्प्रेसर फिरवून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) आहे आणि हातात साधारण पाच महिने आहेत. ०.८ बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब, देऊन ५० अश्वशक्तीच्या १०० करायच्या, असा बेत आहे. टर्बो योग्य आहे का, कार्ब्युरेटर (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा भाग) ठेवावा की इंजेक्शन (पेट्रोल दाबाने फवारणे) करावे आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) कमी करण्यासाठी पिस्टन बदलावेत का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. तिन्हींची उत्तरे पुढे देतो; पण ती ज्यावर अवलंबून आहेत तो प्रश्न तुमच्या यादीत नाही, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. जादा जळणाऱ्या पेट्रोलची उष्णता हे इंजिन टाकणार कोठे?

या इंजिनाचा पंखा डायनॅमोच्या दांड्यावर बसलेला असतो आणि पट्ट्यामुळे क्रँकशाफ्टच्या जवळपास दुप्पट वेगाने फिरतो. त्यामुळे थंड करणारी हवा किती मिळणार, हे केवळ इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना टर्बोशिवाय जेवढी हवा सिलिंडरांच्या पात्यांमधून जाते तेवढीच टर्बो लावल्यावरही जाते. जळणारे पेट्रोल मात्र पाव पटीने वाढलेले असते. पाण्याच्या इंजिनात रेडिएटर मोठा घेता येतो आणि पाणी स्वतःही काही काळ उष्णता पोटात घेते. येथे हेडची, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाची, ओतीव पाती हाच रेडिएटर असल्यामुळे तो वाढवण्याची सोय नाही. हेडचे अ‍ॅल्युमिनियम २०० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने मऊ पडू लागते, व्हॉल्व्हच्या सीट सैल होऊ लागतात आणि नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप आणि धक्क्याने पेटण्याची, शक्यता वाढते. नॉकिंगमुळे हेड आणखी तापते, आणि हे चक्र एकदा सुरू झाले की ते मिनिटभरात पिस्टनपर्यंत पोहोचते.

आता तुमच्या ०.८ बारचा हिशेब मांडू. बाहेरची हवा ३० अंश आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ०.४ बार बूस्टला हवा सुमारे ७४ अंशांनी बाहेर पडते आणि तिची घनता मूळच्या सुमारे १.२२ पट होते. ०.८ बारला घनता १.४३ पटीपर्यंत जाते खरी, पण हवेचे तापमान ११० अंशांच्या आसपास पोहोचते. इंटरकूलरशिवाय (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरशिवाय) इतकी तापलेली हवा, ज्याची जादा उष्णता बाहेर टाकण्याची तजवीज नाही अशा हेडमध्ये कोंबणे म्हणजे नॉकिंगला आवतण देणे होय. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की कमाल बूस्ट ०.४ बार ठरवा आणि ६० ते ६५ अश्वशक्तीची अपेक्षा ठेवा. कागदावर हा आकडा लहान दिसतो. प्रत्यक्षात मधल्या फेऱ्यांवर मिळणारा जोर इतका बदलतो की गाडी चालवणाऱ्याला तो लगेच कळतो.

हे काम पूर्वी कारखान्यांनीही केलेले आहे आणि त्यांनी काय जपले, ते पाहण्यासारखे आहे. शेव्हर्लेने १९६२ मध्ये कॉर्व्हेर मोंझा स्पायडर या गाडीच्या हवेने थंड होणाऱ्या सहा सिलिंडरी इंजिनाला टर्बो लावून १५० अश्वशक्ती मिळवल्या. त्यात वेस्टगेट (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) नव्हते. सायलेन्सरचा आणि कार्ब्युरेटरचा अडथळा अशा बेताने ठेवला होता, की बूस्ट आपोआप मर्यादेत राहावे. चालकासमोरच्या फळीवर हेडचे तापमान दाखवणारा काटा मात्र त्यांनी दिला होता. पोर्शने १९७४ मध्ये ९११ टर्बो आणली तेव्हा तीन लिटरच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन ६.५ पर्यंत खाली आणून ०.८ बार बूस्टवर २६० अश्वशक्ती घेतल्या, पुढे ३.३ लिटरच्या इंजिनाला त्यांनी इंटरकूलर जोडला. तुम्ही योजलेले ०.८ बार बहुधा तेथूनच आले असावेत. पण ते इंजिन ड्राय संपचे (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारे), भरपूर तेल खेळवणारे आणि त्या कामासाठीच घडवलेले होते. तुमच्या इंजिनात एकूण तेल अडीच लिटर आहे आणि फिल्टरच्या नावाखाली तारेची एक जाळी आहे.

म्हणून पहिला महिना टर्बोला हात न लावता मोजमापात घालवा. चारही प्लगखाली कडीच्या आकाराचे के-प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडणी) बसवा. एकच लावून भागत नाही, कारण या इंजिनाचे चार सिलिंडर सारखे तापत नाहीत. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच उभा असतो आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला त्याच्यामागची, आधीच तापलेली हवा मिळते. फोक्सवॅगनलाही हे ठाऊक होते. जुन्या काही डिस्ट्रिब्युटरमध्ये (ठिणगीची वीज प्लगांना वाटणाऱ्या भागात) तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी मुद्दाम काही अंश उशिरा पडेल अशी कॅम घासलेली असे, आणि १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याला हवेची वेगळी वाट करून देण्यात आली. तुमचे इंजिन जुन्या रचनेचे असेल तर नंतरचा कूलर आणि त्याचे आवरण आधी मिळवा, मग पुढचे बोलू. थर्मोकपलचे दुसरे टोक आणि मीटर इंजिनापासून दूर, थंड जागी ठेवा. स्वस्त मीटर जोडणीच्या जागेचे तापमान लक्षात घेत नाहीत. ती जोडणी तापलेल्या इंजिनाशेजारी असली, तर मीटर प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी दाखवते आणि तुम्ही निर्धास्त राहता.

थंड हवा वळवणाऱ्या पत्र्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण विद्यार्थ्यांच्या इंजिनांत मी सर्वांत जास्त नुकसान येथेच पाहिले आहे. एका गटाने मला त्यांचे इंजिन दाखवले तेव्हा ते अतिशय देखणे होते. आवरणाला नवा रंग, पाती घासून लखलखीत. खाली वाकून पाहिले, तर पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये जो वाकवलेला पत्रा असतो तोच गायब होता. विचारल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवले. गंजलेला होता आणि काही कामाचा वाटला नाही म्हणून काढून ठेवला होता. वरून येणारी हवा सिलिंडरांच्या खालच्या अंगाला वळवून पात्यांना चिकटून नेणे, हे त्या पत्र्याचे काम आहे. तो नसला तर हवा वरच्या बाजूला स्पर्श करून सरळ खाली निघून जाते आणि सिलिंडरची खालची बाजू भाजत राहते. तो परत बसवल्यावर, दुसरे काहीही न बदलता, हेडचे तापमान काट्यावर लगेच दिसेल इतके उतरले.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या भोवतीच्या रबरी पट्टीची. वरचा कप्पा थंड हवेचा आणि खालचा गरम हवेचा, अशी ही रचना आहे. पट्टी फाटली किंवा पत्र्याला एखादे भोक राहिले, की पंखा खालची वापरलेली हवाच पुन्हा ओढून घेतो. टर्बो बसवताना तुम्ही एक्झॉस्टचा पाइप वर नेण्यासाठी याच पत्र्याला भोक पाडणार आहात, हे मी आताच सांगून ठेवतो. ते पाडाच, पण पाइपभोवती पत्र्याची कॉलर लावा, पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा आणि टर्बाइनच्या लालभडक होणाऱ्या घरासमोर, मध्ये हवेची फट सोडून, पत्र्याचा आडोसा उभा करा. कप्प्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती अंशांनी जास्त तापते, हे मोजण्यासाठी पंख्याच्या तोंडाशी आणखी एक थर्मोकपल ठेवा. तुमच्या अहवालातला सर्वांत बोलका आलेख त्यातूनच निघेल.

आता तेल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्या तेलातला एखादा कण इंजिनाच्या बेअरिंगला कदाचित सहन होईल, टर्बोच्या बेअरिंगला होणार नाही. त्यामुळे ऑइल पंपाच्या झाकणातून तेल बाहेर काढून, फिल्टरमधून फिरवून, क्रँककेसच्या मुख्य वाहिनीत परत सोडणारी जोडणी करणे अपरिहार्य आहे. त्यासाठी क्रँककेसला भोक पाडून आटे पाडावे लागतात. ते इंजिन पूर्ण उघडलेले असतानाच करा, कारण आत राहिलेला एक चुरा सगळ्या खर्चावर पाणी फिरवेल. टर्बोला तेल प्रेशर स्विचच्या जागेवरून, एका बारीक छिद्राच्या नळीने द्यावे.

तेल देणे सोपे आहे, परत आणणे अवघड. टर्बोमधून बाहेर पडणारे तेल फेसाळलेले आणि दाबरहित असते; ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते. या इंजिनात एक्झॉस्ट इतक्या खाली आहे, की टर्बो सोयीच्या जागी बसवला तर तो क्रँककेसमधल्या तेलाच्या पातळीच्याही खाली जातो. माझ्या पहिल्या अशा इंजिनात मी नेमके हेच केले होते. निळा धूर येऊ लागला, मी सील गेले असे ठरवले, टर्बो उघडून सील बदलले, धूर कायम राहिला. पुन्हा उघडला, पुन्हा बदलले. तिसऱ्या वेळी परतीची नळी सोडून तिच्या तोंडाखाली डबा धरला तेव्हा धूर थांबला आणि चूक कळली. टर्बोचे सील रबराचे नसते. ती पिस्टन रिंगसारखी लोखंडी कडी असते आणि मागे तेल तुंबले तर ती ते अडवू शकत नाही. तेव्हा एक तर टर्बो इंजिनाच्या मागच्या बाजूला उंचावर घ्या आणि किमान १६ मिलिमीटर आतल्या व्यासाची, कोठेही आडवी न होणारी नळी तेलाच्या पातळीच्या वर सोडा. नाही तर तेल ओढून घेणारा वेगळा पंप लावा. पाच महिन्यांत पहिला मार्गच झेपेल.

टर्बो योग्य आहे का, याचे उत्तर नावाच्या पट्टीवरून देता येत नाही. हवेचा हिशेब करावा लागतो. १.५८४ लिटर, ४,५०० फेऱ्या, म्हणजे दर दोन फेऱ्यांना एकदा या हिशेबाने २,२५० वेळा भरणे, आणि ८० टक्के भरण धरले तर मिनिटाला सुमारे २,८५० लिटर हवा होते. तिचे वजन ३.३ किलो, आणि ०.४ बारच्या घनतेने गुणले की चार किलो. सव्वा ते दीड लिटरच्या डिझेल इंजिनांवरचे लहान टर्बो साधारण याच पल्ल्यात काम करतात, त्यामुळे आकार चालून जाईल. तरीही दोन अडचणी आहेत. तुमच्या टर्बोत टर्बाइनभोवती हलणारी पाती असतील तर तो बाजूला ठेवा. पेट्रोलचा धूर पूर्ण भारावर ९०० अंशांपर्यंत जातो आणि डिझेलसाठी केलेली ती नाजूक यंत्रणा त्यात अडकून बसते. साध्या वेस्टगेटचा असेल तर ते उघडणारा त्याचा अ‍ॅक्च्युएटर तपासा. डिझेलवरचे अ‍ॅक्च्युएटर अनेकदा एक बारच्या आसपास उघडतात, आणि स्प्रिंग ज्या दाबाला उघडते त्याच्या खाली बूस्ट कोणताही व्हॉल्व्ह लावून आणता येत नाही. सायकलच्या पंपाने आणि दाबमापकाने टेबलावर तपासा, दांडी ०.३ बारला हलू लागेल अशी मऊ स्प्रिंग बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

कार्ब्युरेटर की इंजेक्शन, यावर जुने जाणकार हिरिरीने वाद घालतात. कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी ठेवला तर रचना सोपी होते. पण कॉम्प्रेसरवर निर्वात पडतो, तेथे तेल ओढले जाऊ नये म्हणून कार्बनचे सील असलेला टर्बो लागतो, आणि टर्बोपासून हेडपर्यंतचा सगळा पाइप पेट्रोलच्या मिश्रणाने भरलेला राहतो. एखाद्या बॅकफायरने तो पाइप फुटताना पाहिलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. कार्ब्युरेटर टर्बोच्या नंतर ठेवला तर फ्लोटच्या कप्प्यावर बूस्टचा दाब पोहोचवावा लागतो, पेट्रोलचा दाब बूस्टबरोबर तेवढाच वाढवावा लागतो, पोकळ पितळी फ्लोट चेपतात आणि थ्रॉटलच्या दांड्याच्या बाजूने पेट्रोल बाहेर झिरपते. तुमचा प्रकल्प मोजमापाचा आहे, म्हणून मी प्रोग्राम करता येणाऱ्या संगणकाचे इंजेक्शन सुचवतो. हेडजवळच्या नळ्यांवर चार इंजेक्टर, क्रँकशाफ्टची स्थिती कळावी म्हणून पुलीवर ३६ दात वजा एक अशी चकती, दाबाचा सेन्सर आणि एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लॅम्डा सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधन प्रमाण सांगणारा) एवढे पुरते. ६५ अश्वशक्तीसाठी मिनिटाला १६० ते २०० घनसेंटिमीटर देणारे इंजेक्टर पुरेसे आहेत. मोठे घेतले तर इंजिन संथ चालताना त्रास देतील. याच घराण्याच्या १,६०० सीसीच्या गाड्यांना बॉशचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ पासूनच मिळत होते, त्यामुळे जुन्या इंजिनावर अन्याय होतो असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका.

बूस्टमध्ये हवा-इंधन प्रमाण ११.५ ते १२ ठेवा. टायमिंग (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, म्हणजेच अ‍ॅडव्हान्स) हा त्याहून नाजूक भाग आहे. मूळ इंजिनाला पूर्ण अ‍ॅडव्हान्स २८ ते ३० अंश चालतो, ०.४ बारला तो २२ ते २४ अंशांवर आणा आणि तेथून एकेका अंशाने पुढे जा. टायमिंग फार मागे घेतले तर ताकद जाते आणि एक्झॉस्टचे तापमान चढते, म्हणजे व्हॉल्व्ह आणि टर्बाइन भाजतात. तेव्हा मागे घेतलेले टायमिंग नेहमीच सुरक्षित, असे समजू नका. या इंजिनाच्या पंख्याच्या आणि टॅपेटच्या आवाजात नॉकिंग कानाला ऐकू येत नाही. प्रत्येक पूर्ण भाराच्या चाचणीनंतर इंजिन त्याच क्षणी बंद करा, प्लग काढा आणि आतले पांढरे चिनीमातीचे टोक दहापट भिंगाखाली पाहा. त्यावर मिरपुडीसारखे करडे, चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि त्या दिवसाचे काम तेथेच थांबवायचे.

पिस्टनचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण ०.४ बारला ते बदलण्याची गरज नाही. ७.५ हे कारखान्याचे कॉम्प्रेशन या बूस्टला चालते. मात्र तुमच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन आज खरोखर ७.५ आहे का, ते ब्युरेटने (आकडे कोरलेल्या काचेच्या नळीने) मोजा. जुनी हेड अनेकदा घासलेली असतात आणि दर घासणीत ज्वलनकक्ष लहान होतो. एका सिलिंडरचे आकारमान ३९६ घनसेंटिमीटर असल्यामुळे ७.५ साठी वरची एकूण जागा सुमारे ६१ घनसेंटिमीटर भरली पाहिजे. ते ७ वर आणण्यासाठी सिलिंडरखाली ०.९ मिलिमीटरची चकती घालण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्याने आकडा जमतो, पण पिस्टन आणि हेड यांच्या सपाट कडांमधली फट वाढून मिश्रण घुसळले जाण्याचा फायदा जातो आणि तेच इंजिन कमी कॉम्प्रेशनवर जास्त नॉक करू लागते. हेड घासलेली नसतील, तर त्यांना हात लावू नका.

क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. तिच्यातले हेडचे स्टड दाब वाढला की आट्यांसकट उपटून येतात, म्हणून पोलादी इन्सर्ट आधीच बसवून घ्या. क्रँकशाफ्टची पुढेमागे हालचाल ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर हे इंजिन टर्बोसाठी निवडू नका, दुसरे शोधा. क्लच आणि गिअरबॉक्स ०.४ बारला टिकतात. याच मॅग्नेशियममुळे आगीची तयारी वेगळी लागते: पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारले तर आग भडकते, म्हणून धातूच्या आगीसाठीची कोरडी पावडर चाचणीच्या जागी हाताशी हवी आणि जुन्या गाडीची एकही पेट्रोलची नळी इंजेक्शनच्या तीन बार दाबाला वापरलेली नको.

चाचण्या डायनॅमोमीटरवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करा. रस्त्यावर नेण्याआधी इंजिनातल्या बदलाला परवानगी लागते का, हे लेखी विचारून घ्या. बूस्टमधली प्रत्येक चाचणी वेळेने बांधा. पहिली दहा सेकंदांची, मग हेड मूळ तापमानाला येईपर्यंत विश्रांती, मग वीस सेकंदांची. कोणतेही हेड २०० अंशांना पोहोचले किंवा तेल १२० अंशांच्या पुढे गेले की थ्रॉटल सोडायचा, हा नियम एकाच माणसाकडे द्या आणि त्याचा हात बटणावर ठेवा. दर सत्रानंतर, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटर आहे का ते पाहा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट एकदा कमी झालेली दिसली तर नीट करून पुढे जा. ती लागोपाठ दुसऱ्यांदा कमी झाली, तर व्हॉल्व्हची दांडी ताणली जात आहे किंवा सीट आत बसत आहे. फट पुन्हा जुळवत बसू नका, इंजिन सुरू न करता ते हेड उतरवा.